कोऱ्या बाटल्या

ताईंना प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यांतली निदान चार वर्षं तरी बाटल्या धुण्यात गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. हुद्द्याने त्या वरिष्ठ तंत्रसहायक. प्रत्यक्षात मुळं सांभाळणं हे त्यांचं काम. धोतऱ्याची मुळं, पण मातीतली नव्हेत. वर रोप नाही, पान नाही, फूल नाही. नुसती मुळं, काचेच्या बाटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या पातळ द्रवात, अंधाऱ्या खोलीतल्या एका हलत्या फळीवर वाढणारी. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक बाटलीतला पांढरा गुंता चिमट्याने उचलायचा, त्याचा एक तुकडा कापून ताज्या द्रवात टाकायचा आणि बाकीचा प्रयोगाला द्यायचा. एक फेरी चुकली की मुळं तपकिरी पडत आणि मरत. ताईंनी फेरी कधी चुकवली नव्हती. "मुलगी एक आणि मुळं दोनशे," असं त्या म्हणायच्या, "त्यातल्या त्यात मुलगी निदान मोठी तरी झाली."

धोतरा विषारी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच विषापासून, म्हणजे अल्कलॉइडपासून, डोळे तपासताना घालायचे थेंब होतात, पोटातली कळ थांबवायचं औषध होतं. हे अल्कलॉइड मुळांत तयार होतं. एका साध्या अमिनो आम्लापासून सुरुवात होते आणि मग एकेक एन्झाइम त्याला थोडं थोडं बदलत पुढे सरकवतो. त्यांतला सुरुवातीचा एक एन्झाइम नळाच्या तोटीसारखा. तो चालू तर पुढचं सगळं चालू, तो बंद तर मुळं नुसतीच जाड होत राहतात.

ही तोटी कशाने उघडते, हे तेव्हा प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी एकोणीस वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. मुळांना तेच अमिनो आम्ल वरून जास्तीचं पाजलं की एन्झाइम तिप्पट कामाला लागतो. कच्चा माल दारात येऊन पडला की कारखाना आपोआप वेग घेतो, असं सर व्याख्यानांत सांगायचे. त्या एका शोधनिबंधावर सरांचं नाव झालं, विभागाला नवी इमारत मिळाली, आणि एक औषधं बनवणारी कंपनी आजही आपल्या मोठ्या टाक्यांतल्या मुळांना पिंपं भरभरून ते आम्ल पाजत होती. सर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. निबंधाच्या शेवटी, बारीक अक्षरांत, ताईंचे आभार मानलेले होते.

नव्या मॅडम आल्या तेव्हा ताईंना त्या आवडल्या. चाळिशीच्या, दुसऱ्या संस्थेतून आलेल्या, स्वतःची बाटली स्वतः धुणाऱ्या. एवढ्या एका गोष्टीवरून ताई माणूस पारखत. आम्ल पाजल्यावर एन्झाइम मुळाच्या नेमक्या कुठल्या भागात आणि किती तासांनी वाढतो, हे मॅडमना बघायचं होतं. त्यासाठी आधी सरांचा प्रयोग जसाच्या तसा करून घ्यायचा, दोन आठवड्यांचं काम.

दोन आठवड्यांचे चार महिने झाले. आम्ल पाजलेल्या बाटल्यांत एन्झाइम चांगला वाढायचा. पण न पाजलेल्या बाटल्यांतही तेवढाच वाढायचा. फरक शून्य. मॅडमनी आम्ल बदललं, पाणी बदललं, क्षारांची नवी पाकिटं मागवली, वजनकाटा तपासून घेतला. मुळं वाटण्याचे खलबत्ते बर्फात आणखी थंड केले. तरी पुन्हा तेच. सोमवारच्या बैठकीत विभागप्रमुख आधी म्हणाले, "होतं असं, हात बसायला वेळ लागतो." दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "आपल्याकडे याआधी अकरा विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केलाय. अकराही जणांना जमला." तिसऱ्या महिन्यात ते नुसते घड्याळाकडे बघत राहिले, आणि ते जास्त लागलं.

मॅडम वाळत चालल्या. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. एकदा ताईंनी त्यांना सिंकपाशी उभं राहून स्वतःचे हात साबणाने तिसऱ्यांदा धुताना पाहिलं. "माझ्या हातालाच काही लागलेलं असतं की काय कोण जाणे," मॅडम हसत म्हणाल्या. हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

ताई मनापासून मदत करत होत्या, यात खोटं काही नव्हतं. त्यांनीही पाण्याला दोष दिला, आम्लाला दोष दिला. मुळं म्हातारी झाली असतील, असंही म्हणून पाहिलं. आणि मग एका बुधवारी सकाळी त्या स्पिरिटची बाटली घ्यायला आत गेल्या. मॅडम काचेच्या पेटीसमोर बसून, दिव्याच्या ज्योतीपाशी, एकेक गुंता उचलून ताज्या द्रवात टाकत होत्या. चार बाटल्या भरून झाल्या होत्या. त्या पाचवीकडे वळल्या.

"ही कशाची?" ताईंनी विचारलं.

"कोरी." ज्या बाटल्यांना आम्ल द्यायचं नाही, नुसतं तुलनेला ठेवायच्या, त्यांना प्रयोगशाळेत कोऱ्या म्हणत.

"कोऱ्यासुद्धा हलवताय तुम्ही?"

"हलवायला नकोत?" मॅडमनी चिमटा तसाच धरून मान वळवली. "पेपरात तसंच लिहिलंय की. आठही बाटल्या नव्या द्रवात हलवायच्या आणि चारांत आम्ल घालायचं."

"हो हो," ताई म्हणाल्या. "हलवायच्याच."

स्पिरिट न घेताच त्या बाहेर आल्या. सिंकमध्ये बाटल्या ठेवून त्यांनी नळ सोडला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

गोष्ट एवढीच होती. मुळांचे द्रव दोन. एक वाढीचा. त्यात मुळं भराभरा फुटावीत म्हणून हार्मोन घातलेलं असतं. फळीवरची रोजची मुळं त्याच द्रवात असतात. दुसरा कामाचा. त्यात हार्मोन नसतं आणि प्रयोग त्यात होतो. एकोणीस वर्षांपूर्वी सरांनी सांगितलं होतं की आठ बाटल्या वाढीच्या द्रवातून कामाच्या द्रवात हलव, चारांत आम्ल घाल, चार कोऱ्या ठेव, पाचव्या दिवशी काप. ताईंनी आम्लाच्या चार हलवल्या आणि तेवढ्यात बाहेरचा फोन वाजला. शेजारीण बोलत होती. ताईंच्या चार वर्षांच्या मुलीला, चिमणीला, तापात झटका आला होता आणि तिला दवाखान्यात नेत होते.

ताईंनी दिवा विझवला आणि निघून गेल्या. तीन दिवस त्या मुलीच्या खाटेपाशी बसून होत्या. चौथ्या दिवशी परत आल्या तेव्हा कोऱ्या चार बाटल्या फळीवर वाढीच्या द्रवातच हलत होत्या. सरांना परिषदेला जायचं होतं, तिकीट काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कापणी झाली, आकडे आले. कोऱ्यांपेक्षा आम्लाच्या बाटल्यांत एन्झाइम तिप्पट. सर खोलीत अक्षरशः नाचले. ताईंनी वहीत लिहिलं, 'आठही बाटल्या ताज्या द्रवात हलवल्या.' ठरलं तसंच होतं. आणि मुलगी घरी आली होती. आणि त्यांना झोप हवी होती.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण पुढच्या खेपेला प्रयोग पुन्हा करायचा तेव्हा ताईंनी कोऱ्या बाटल्या सरळ फळीवरूनच उचलल्या. आठ हलवण्यापेक्षा चार हलवणं सोपं, असं त्यांनी मनाला सांगितलं. कंटाळा होता, की हलवल्या तर आकडे बदलतील ही भीती होती, हे त्यांना तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आकडे तेच आले. मग तीच पद्धत पडली. नवा विद्यार्थी आला की ताई शिकवायच्या, "कोऱ्या फळीवरच्याच घ्यायच्या रे, उगाच काम वाढवू नको." अकरा जणांना त्यांनी असंच शिकवलं होतं. अकराही जणांना प्रयोग जमला होता. बारावी बाई बाहेरून शिकून आली होती आणि निबंधात लिहिलंय तसं करत होती.

म्हणजे सरांनी शोधलेलं आम्लाचं कौतुक खरं नव्हतंच. मुळांना आम्ल मिळालं म्हणून एन्झाइम उठत नव्हता; हार्मोन काढून घेतलं म्हणून उठत होता. सिंकमधल्या दोन बाटल्या एकमेकींवर आपटल्या तशा ताई भानावर आल्या. पाणी तसंच वाहत राहिलं होतं.

त्यानंतर ताई तीन आठवडे गप्प बसल्या. हे त्यांनी पुढे कुणापासून लपवलं नाही. रोज ठरवायच्या, आज सांगायचं. रोज काहीतरी निघायचं. मॅडम बैठकीत असायच्या, किंवा मॅडमचा चेहरा बघवायचा नाही. नाहीतर ताईंचीच पाठ भरून यायची. चौदा महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. चौदा महिने मुळं हलवत काढायचे आणि सुखाने घरी जायचं. सरांनाही अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. आता हे उकरून काढून कुणाचं भलं होणार होतं?

नवऱ्याला त्यांनी एका रविवारी सकाळी सांगितलं. तो शाळेची बस चालवायचा. रविवारी गुडघ्यांना तेल लावत बसायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. हार्मोन म्हणजे काय ते दोनदा विचारलं.

"म्हणजे तू त्या दिवशी चार बाटल्या राहू दिल्यास, एवढंच ना?"

"एवढंच नाही. मी खोटं लिहिलं. आणि मग सगळ्यांना तेच खोटं शिकवलं."

"हं." तो बराच वेळ तेल चोळत राहिला. "ती तुमची मॅडम काय करणार आता?"

"जाईल बहुतेक. आपलाच हात वाईट, असं समजून जाईल."

"मग सांगून टाक. तू हल्ली झोपेत दात खातेस. माझी झोपमोड होते." आणि थोडं थांबून म्हणाला, "चिमणीला मात्र सांगू नको हं. तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

मंगळवारी ताई कामावर पोचल्या तेव्हा मॅडम टेबलाचा खण रिकामा करत होत्या. आपले चिमटे कागदात गुंडाळून एका खोक्यात ठेवत होत्या. प्रमुखांनी त्यांना सुचवलं होतं म्हणे, की हा विषय सोडा, दुसरं काहीतरी सोपं घ्या. आणि मॅडमनी ठरवलं होतं की त्यापेक्षा जाते.

"थांबा," ताई म्हणाल्या. "ते चिमटे ठेवा खाली. तुमचा प्रयोग बरोबर आहे."

मॅडमनी वर पाहिलं.

ताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोन, दवाखाना, फळीवरच्या बाटल्या, वहीतलं वाक्य, अकरा विद्यार्थी. मधेच थांबल्या असत्या तर पुन्हा बोलता आलं नसतं म्हणून एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला हलवताना पाहिलं तेव्हाच कळलं मला. तीन आठवडे झाले त्याला."

मॅडम स्टुलावर बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

"चार महिने," मॅडम हळूच म्हणाल्या. "चार महिने मी रात्री अंथरुणावर पडून आपला हात कुठे चुकतोय ते आठवत असते, ताई. नवऱ्याला म्हटलं, मला आता या धंद्यातलं काही येत नाही. तीन आठवडे तुम्ही मला चहा आणून देत होतात."

"हो."

"साखर कमी घालून."

"हो."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. बाहेर कुणीतरी ढकलगाडीवरून गॅसचं नळकांडं खडखडाट करत नेलं. मग मॅडमनी खोक्यातून एक चिमटा परत काढला. "सोळा बाटल्या लागतील," त्या म्हणाल्या. "चार हार्मोन आणि आम्ल दोन्ही असलेल्या. चार नुसत्या हार्मोनच्या. चार नुसत्या आम्लाच्या. चारांत दोन्ही नाही. हलवायच्या मात्र सोळाही. आणि तुम्ही हलवायच्या नाहीत. मी हलवणार, तुम्ही नुसतं बघणार."

ताईंना ते लागलं, पण रास्त होतं.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मुळं कापली, बर्फात वाटली, गाळली, यंत्रात घातली. मॅडम आकडे वाचत होत्या आणि ताई लिहीत होत्या. मॅडम लिहिलेलं प्रत्येक ओळीनंतर वाकून बघत होत्या. हार्मोन असलेल्या आठही बाटल्यांत एन्झाइम झोपलेला, आम्ल असो वा नसो. हार्मोन नसलेल्या आठांत तिप्पट, इथेही आम्ल असो वा नसो. इतके स्वच्छ आकडे ताईंनी सव्वीस वर्षांत पाहिले नव्हते. मुळं बिचारी पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होती. आनंद व्हायला हवा होता; झाला तो फक्त पाय दुखत असल्याचा बोध. त्या दुपारपासून बसल्याच नव्हत्या.

"सरांना सांगायला हवं," मॅडम म्हणाल्या. "प्रमुखांच्या आधी. मी येऊ बरोबर?"

"नको. माझं मी निस्तरते."

सर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहत. लिफ्ट बंद होती. ताई प्रत्येक जिन्यावर थांबत वर गेल्या. दार वहिनींनी उघडलं. सरांच्या पत्नीला ताई पहिल्यापासून वहिनी म्हणत. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल, हातात भिंग. ताईंना बघून खूश झाले.

"ये, ये! आज कशी वाट चुकलीस? मुळं कशी आहेत?"

"मुळं बरी आहेत, सर. एक सांगायचंय."

याही वेळी त्यांनी एका दमात सांगितलं. सर मधे बोलले नाहीत. मग एकदम जुन्या आवाजात, तोच करडा, प्रयोगशाळेतला आवाज, प्रश्न सुरू झाले. किती बाटल्या? हार्मोन किती घातलं? आम्ल कुठल्या दिवशी दिलं? कापणी कितव्या दिवशी? मुळं ओली तोलली की सुकवून? ताई उत्तरं देत गेल्या. कागद पुढे केला. सरांनी भिंगातून सोळा आकडे वाचले, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. शाल घसरली ती त्यांनी उचलली नाही.

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तुम्ही नाचत होतात, सर."

सरांनी भिंग बाजूला ठेवलं. नंतर म्हणाले, "पोरीला बरं नाही हे तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं."

ते खरं होतं. ताईंनी त्या वेळी सांगितलं होतं आणि सर 'हो हो, बघ काय ते' म्हणाले होते. ताईंना आत्ता ते बोलायचं नव्हतं. तोंडून निघून गेलं. सर खिडकीबाहेर बघू लागले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं.

"आयुष्यभर लोकांना सांगत फिरलो," ते म्हणाले. "कच्चा माल द्या, कच्चा माल द्या. कारखानेवाल्यांनासुद्धा." मग मान न वळवता, "जा तू आता."

"सर, मी—"

"जा म्हटलं ना."

वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांनी ताईंच्या दंडाला हात लावला. तिन्ही मजले उतरेपर्यंत ताईंना रडू आलं नाही. बसमध्ये बसायला जागा मिळाली तेव्हा आलं.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला खुलासा पाठवायचा होता. सरांनी मॅडमना टपालाने मजकूर धाडला, थरथरत्या अक्षरात, चार ओळींचा. त्यात लिहिलं होतं की तुलनेच्या बाटल्या वाढीच्याच द्रवात राहिल्याने निष्कर्ष चुकला, आणि जबाबदारी सर्वस्वी माझी. ताईंचं नावच नव्हतं.

"हे असं नको," ताई म्हणाल्या. "वहीत खोटं मी लिहिलं. माझं नाव घाला."

"ताई, त्यांनी तुम्हाला झाकलंय. राहू दे की."

"झाकू नका म्हणावं. एकोणीस वर्षं झाकलेलंच होतं."

मॅडमनी सरांना कळवलं. सरांकडून एका ओळीचं उत्तर आलं, 'तिची इच्छा असेल तर घाला.' खुलासा छापून आला, अर्ध्या पानाचा. त्यात ताईंचं नाव त्यांच्या आयुष्यात प्रथमच मोठ्या अक्षरांत आलं. लेकीने तो कुठेतरी वाचलाच. तिचा फोन आला. "आई, ती दवाखान्याची गोष्ट म्हणजे मीच ना?" ताई म्हणाल्या, "तू चार वर्षांची होतीस गं. तुझा काय संबंध?" "पुढच्या आठवड्यात येते मी," लेक म्हणाली, "दोन दिवस. तू नुसती झोप." आणि खरोखरच आली. ताई दोन्ही दुपारी झोपल्या.

कंपनीने टाक्यांत आम्ल ओतणं बंद केलं. हार्मोन काढून पाहिलं तर टाक्यांतल्या मुळांत अल्कलॉइड वाढलं, असं कळलं. विभागप्रमुखांनी ताईंना बोलावून घेतलं. चौकशी झाली, पण ती लहानशी. सगळं आधीच कबूल केलेल्या माणसाची चौकशी तरी किती करणार. उरलेल्या महिन्यांसाठी त्यांची बदली तळमजल्यावरच्या भांडारात झाली. तिथे काचसामान मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं. मुळं मॅडमच्या ताब्यात गेली. मॅडमनी खोक्यातलं सामान पुन्हा खणात लावलं आणि काम सुरू केलं. त्या ताईंशी तोडून वागल्या नाहीत, पण आधीचा मोकळेपणाही राहिला नाही. चहा आता त्या स्वतःचा स्वतः करून घेत. ताईंनी त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि तरी वाटायचंच.

अकरा विद्यार्थ्यांपैकी चौघांनी पत्रं लिहिली. एकाने खूप वाईट लिहिलं. त्याची पदवी त्याच प्रयोगावर मिळालेली होती. ताईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्याला उत्तर लिहिलं की तुझं बरोबर आहे. एवढंच लिहिता आलं.

सरांकडून काहीच आलं नाही. ताईंनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "ते झोपलेत." सकाळी दहा वाजता सर कधी झोपत नसत, हे दोघींनाही माहीत होतं.

पाच महिन्यांनी, भांडारात ताई मोजपात्रांची नवी खेप उघडत असताना, टेबलावरचा फोन वाजला. वहिनी होत्या.

"ऐक, हे विचारतायत," त्या म्हणाल्या. आवाज दबका होता, जणू कुणी पाठीशी उभं आहे. "काढलेलं हार्मोन परत दिलं, तर एन्झाइम पुन्हा खाली जातो का? आणि जात असेल तर किती दिवसांत?"

ताईंच्या हातातलं मोजपात्र तसंच राहिलं. "माहीत नाही, वहिनी."

मागून सरांचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "माहीत नाही म्हणजे? बघितलं नाही का कुणी?"

"बघितलं नाही का कुणी, म्हणतायत," वहिनी म्हणाल्या.

"विचारून सांगते."

फोन ठेवून ताई जिना चढून वर गेल्या. पाच महिन्यांत त्या वर गेल्या नव्हत्या. मॅडम फळीपाशी बाटल्या तपासत होत्या. ताईंनी दारातूनच प्रश्न सांगितला. मॅडमनी पेन कानामागे खोचलं आणि जरा विचार केला.

"नाही पाहिलं आम्ही," त्या म्हणाल्या. "पाहायला हवं खरं. हार्मोन काढलेल्या आठ बाटल्या जास्तीच्या आहेत." मग म्हणाल्या, "हलवायला या उद्या. माझी मान धरलीय दोन दिवसांपासून."

दुसऱ्या दिवशी ताईंनी भांडारातून दोन तासांची सुटी घेतली, हात धुतले, काचेच्या पेटीसमोर बसल्या आणि आठ गुंते एकेक करून हार्मोनच्या द्रवात हलवले. मॅडम शेजारी बसून मान शेकत होत्या, बघत नव्हत्या. पुढे रोज दोन-दोन बाटल्या कापल्या. पहिल्या दिवशी एन्झाइम निम्म्यावर आला, दुसऱ्या दिवशी जवळजवळ संपला. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी काही नवं दिसलं नाही.

ताईंनी आकडे एका कोऱ्या पोस्टकार्डावर लिहिले, चार ओळी, खाली तारीख, आणि ऑफिसातून घरी जाताना ते सरांच्या नावाने टपालपेटीत टाकलं. घरी नवरा भाजी चिरत बसला होता. त्याने विचारलं, "काय झालं?" ताई चपला काढत म्हणाल्या, "काही नाही. दोन दिवसांत खाली जातो." आणि आडव्या झाल्या.